अकरा चाळीसची गाडी

"इथे तुझी चूक झालीय," वडील म्हणाले आणि त्यांनी दुरंगी पेन्सिलीचं लाल टोक बेटावर टेकवलं.

जेवणाच्या टेबलावर ग्रीसचा नकाशा पसरला होता, वारा लागू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार कप ठेवलेले. मुलगी शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे चूक हा शब्द तिला जरा जास्तच झोंबला. पण आज काही झालं तरी चिडायचं नाही असं ती ठरवून आली होती. चूक कुठली, असं तिने अगदी गोड आवाजात विचारलं.

चौतीस वर्षं बसच्या डेपोत वेळापत्रकं आखलेला हा माणूस. डेपो सुटला तरी पहाटे चारला उठणं सुटलं नव्हतं. कुठेही जायचं म्हटलं की त्यांना आधी परतीची सोय लागायची. कोणाकडे जेवायला गेले तरी हात धुता धुता शेवटची गाडी कितीची ते विचारून घ्यायचे. आणि मुलीने निवडलेल्या या बेटावर, ज्याचं नावही धड तोंडात बसत नव्हतं, बोट आठवड्यातून दोनदाच जात होती.

"मंगळवारी उतरलो की पुढची बोट एकदम शनिवारी," ते म्हणाले. "मधे काही नाही. अडकलो की आपण."

त्यांनी शेजारचं मोठं बेट दाखवलं. तिथे दिवसाला सहा बोटी, सगळं जग तिथेच जातं, जग काय वेडं आहे का? मुलीने आपलं बेट समजावून सांगितलं. डोंगरावर एकच गाव, एक बेकरी, माणसांपेक्षा शेळ्या जास्त. दोन खाटांची खोली, पुढे गच्ची, आणि घरमालकीण स्वतः धक्क्यावर घ्यायला येणार. वडिलांनी डॉक्टरचं विचारलं. आहे. आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या तर? जास्तीच्या नेऊ. वारा सुटला आणि शनिवारचीही बोट आली नाही तर? इथे तिचा गोड आवाज संपला.

"यायचंच नसेल तर तसं सरळ सांगा ना," ती म्हणाली. सुट्टी मोडून कोणाच्या मागे लागायची तिलाही हौस नव्हती, हेही तिने ऐकवलं. आपण कोणाला मागे लागायला सांगितलं नव्हतं, हे वडिलांनी ऐकवलं. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"अकरा चाळीसची गाडी मिळेल तुला. खालच्याच थांब्यावर."

मुलीचा हात आपोआप पिशवीच्या पट्ट्याकडे गेला. पुढचं दोघांना पाठ होतं. ती उठणार, वडील सपाता घालून थांब्यापर्यंत येणार, गाडी वळेपर्यंत तिथेच उभे राहणार. मध्ये पडणारी आई गेली त्याला तीन वर्षं झाली होती, आणि या तीन वर्षांत मुलीची इथली एकही फेरी दुसऱ्या दिवसाच्या दुपारपुढे गेली नव्हती. आज तर दोन तासही धड झाले नव्हते.

तिने पट्टा सोडला.

"बाबा, भांडण झालं की तुम्ही मला गाडीची वेळ सांगता."

"मग? ती चुकली की तासभर उन्हात उभं राहावं लागतं. म्हणून सांगतो."

"मला वाटतं, तुम्ही मला घालवताय."

ती गेल्यावर दर वेळी वडील जुन्या डेपोत फोन करायचे आणि गाडी पोहोचली का ते विचारायचे. पोहोचली असं कळलं की मगच जेवायला बसायचे. हे तिला सांगावं असं त्यांना फार वाटलं, पण त्यांनी उगाचच एक कप उचलून दुसरीकडे ठेवला. नकाशाचा कोपरा गुंडाळला गेला. मुलीने तो हाताने धरला.

"वेळापत्रक मीही वाचलंय, बाबा. तीन आठवडे शोधत होते असं बेट. मंगळवारी भांडलो तरी शनिवारपर्यंत तुमच्याकडे मला सांगायला गाडीच नाही."

खाली ब्रेक लागल्याचा आवाज आला. अकरा चाळीसची दोन मिनिटं उशिरा आली होती. एरवी एवढ्यावरून त्यांनी नव्या लोकांच्या शिस्तीचा उद्धार केला असता. बसचं दार उघडलं, बंद झालं. गाडी कोपऱ्यावरून वळून गेली तरी दोघं नकाशाकडेच बघत होती.

मग वडिलांनी रेघांचा कागद पुढे ओढला आणि सवयीने रकाने आखले. सुटणार, पोहोचणार, मुक्काम, परतीची. डेपोत रद्द करायचं ते लाल टोकाने आणि नक्की झालं ते निळ्या टोकाने लिहायची पद्धत होती. त्यांनी पेन्सिल उलटी केली आणि पहिल्या दोन रकान्यांत मंगळवारची बोट लिहिली, मिनिटांसकट.

"शनिवारची परतीची किती वाजता आहे?"

"सकाळी सहाला."

"सहाला? एवढ्या पहाटे कोण उठणार?" ते म्हणाले, आणि परतीच्या रकान्यात त्यांनी पुढचा मंगळवार लिहिला.