राखीव जागा

"अहो, भरून टाका तो दंड. कशाला त्या कचेरीत खेटे घालता?" मालती म्हणाली.

"गाडी मी अपंगांच्या राखीव जागेत लावली होती आणि मी अपंगच आहे. चूक नसताना दंड का भरू?" धुमाळ मास्तर म्हणाले.

अपघातात डावा पाय गेल्यावर मास्तरांनी कृत्रिम पायावर वर्षभर चालायचा सराव केला होता. वर्गातल्या मुलांनाही कधी कळलं नव्हतं.

वाहतूक कचेरीतल्या साहेबांनी त्यांचं प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं. "असली खोटी ढीगभर येतात. हवालदारानं तुम्हाला धडधाकट चालताना बघितलंय. पाय दाखवा."

खोली माणसांनी भरलेली होती. दंड भरून निघून जावं, असं मास्तरांना क्षणभर वाटलं. मग त्यांनी वाकून पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली. सगळे बघत राहिले.

साहेबांनी मान खाली घालून दंड रद्द केला. "एवढं सरळ चालल्यावर आम्हाला कसं कळणार?" ते पुटपुटले.

हल्ली राखीव जागेत गाडी लावली की मास्तर आधी हवालदार कुठे उभा आहे ते बघतात आणि त्याच्यासमोरून लंगडत जातात.