दोन्हीतलं चांगलं

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप करून पुसलंय. पण आता होऊनच जाऊ दे.

माझा मित्र, आम्ही त्याला प्रोफेसर म्हणतो, कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला दोनदा बसला. परीक्षेचे भाग दोन, गणित आणि भाषा. प्रत्येकी आठशेचे. काकांनी, म्हणजे त्याच्या बाबांनी, जे कॉलेज धरून ठेवलं होतं तिथे एकूण चौदाशे लागतात. पहिल्या वेळी गणितात सातशे सत्तर, भाषेत चारशे ऐंशी. गेलं! दुसऱ्या वेळी भाषेत सातशे तीस, आणि गणितात पाचशे दहा. परत गेलं!

काकांचं चष्म्याचं दुकान आहे. तिसऱ्यांदा परीक्षा नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलेलं. त्या दुपारी ते काउंटरवर एकच काच कितीतरी वेळ पुसत बसले होते.

"गणितात पाचशे दहा?" काकू डबा उघडता उघडता म्हणाल्या. "दुकानाचा हिशोब तोंडी करतोस ना रे तू?"

"टेन्शन आलं गं आई," प्रोफेसर म्हणाला आणि निम्मा डबा एकट्याने संपवला. मला वाटलं, दुःखात माणूस असाच खातो.

मी बाकावर बसून त्या कॉलेजची वेबसाइट चाळत होतो. अगदी तळाला, बारीक अक्षरांत एक ओळ होती. वाचली आणि उडालोच.

"काका! हे लोक प्रत्येक भागाचा सगळ्यात चांगला स्कोर धरतात! कुठल्याही वेळचा!"

"म्हणजे?"

"म्हणजे पहिल्या वेळचं गणित, दुसऱ्या वेळची भाषा. पंधराशे होतात, काका!"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "थट्टा करू नकोस हं."

"अहो, फोन लावा त्यांना!"

फोन स्पीकरवर टाकला. पलीकडच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बरोबर आहे. दोन्ही निकाल आलेत आमच्याकडे. तुमच्या मुलाचे पंधराशे धरलेत, सीटही दिली आहे. ईमेल बघितला नाही का?"

काकू किंचाळल्याच. काकांनी मला उचललं, त्यात शोकेसमधल्या दोन फ्रेमा खाली आल्या. समोरचा चपलांचा दुकानदार भांडण झालं समजून धावत आला, तर त्यालाही मिठी.

"पोरानं नाव काढलं!" काका ओरडत होते. "आणि तू रे, बारीक अक्षरं वाचणाऱ्या! तुला जन्मभर चष्मा फुकट!"

प्रोफेसर मात्र नुसता उभा. चेहरा पांढराफटक. म्हटलं, आनंद पचत नाहीये याला. ओढतच बाहेर नेलं.

"अरे, बोल की काहीतरी! पंधराशेवाला आहेस तू!"

तो पायरीवर बसला.

"बाबा म्हणाले होते, दोनदा दे. नाही जमलं तर खुशाल सुतारकाम शीक. सोमवारपासून वर्कशॉपला जाणार होतो मी."

"मग?"

"मग काय मग! एकाच विषयात दोनदा आपटलो असतो, तर त्यांनी शब्द फिरवला असता, त्याचा क्लास लावून परत बसवलं असतं. म्हणून मुद्दाम पहिल्यांदा भाषा घालवली, दुसऱ्यांदा गणित."

मी त्याच्या शेजारी बसलो. आत काका एकेका नातेवाइकाला फोन लावत होते.

"आईशप्पथ सांगतो," मी म्हणालो, "यापुढे तुला विचारल्याशिवाय तुझं भलं करणार नाही."