चार बोटं उंच

त्या घरानं अखेर परागला ठेवून घेतलं. खरं तर असं काहीच घडलं नाही. पराग सोमवारी हिंजवडीत कामावर हजर होता, हे सगळ्यांना माहीत आहे.

शनिवारी तो पणजोबांचं घर बघायला एकटाच कोळवणला गेला. पूर्वी एकदाच, पाच वर्षांचा असताना, तो तिथं आला होता. तेव्हा काकांनी त्याला माजघराच्या चौकटीला उभं करून डोक्याशी विळ्यानं खूण केली होती. त्या घरात त्याचं म्हणावं असं तेवढंच.

खूण होती. पण तिच्या वर आणखी बावीस खुणा होत्या, दर साली एक, आणि प्रत्येकीपुढं ‘पराग’ कोरलेलं. सगळ्यात वरची इतकी ताजी, की तिचा भुसा अजून उंबऱ्यावर पडला होता.

पराग चौकटीला पाठ लावून उभा राहिला. खूण चार बोटं वर राहिली. त्यानं टाचा उचलल्या, तरी बोटभर कमीच. खरं तर भ्यायला हवं होतं. पण त्याचा जळफळाट झाला.

“हा पराग कोण?” त्यानं घर सांभाळणाऱ्या तुळजाकाकींना विचारलं.

“आमचा पुतण्या. लई गुणी. तुमी कोण त्याचे?”

“मीच पराग!”

काकी हसल्या. “एवढासा?”

तेवढ्यात आतून परागच्याच आवाजात कुणीतरी विचारलं, “काकी, कोण आलंय?”

“कुणी न्हाई रं. तू जेव.”

परागनं पडवीत बसून सरपंचांना अर्ज लिहिला: ‘सदर घरात माझ्या नावाने वाढलेल्या इसमाची चार बोटे उंची, काकींच्या मायेसह, माझ्या नावे वर्ग करण्यात यावी, ही नम्र विनंती.’