उंबऱ्यावर टोपी

गिरणी संपावरच्या आमच्या व्हिडिओ गेमवरून टीव्ही मालिका होत होती. गेममधला कामगार घरात शिरण्याआधी उंबऱ्यावर टोपी दोनदा झटकतो. ही लकब त्याला कोणी दिली, ते आम्हा बनवणाऱ्यांनाही शेवटपर्यंत सापडलं नाही.

शूटिंगच्या पहिल्या दिवशी आईला लालबागला सेटवर नेलं. मॉनिटरवर चाळीतल्या खोलीचं रिकामं दार दिसत होतं. मग तो आला. त्यानं टोपी दोनदा झटकली, कापूस उडाला.

"अजून एकदा झटका हो," आई पडद्याकडे बघत हळूच म्हणाली. संपानंतर वारलेले बाबा गिरणीतून घरी आले की ती त्यांना असंच सांगायची. "पोरीला खोकला होतो."

त्यानं तिसऱ्यांदा झटकली.

"अरे, नटाचा मेकअप झाला का?" मागून दिग्दर्शक ओरडला. "दार किती वेळ रिकामं ठेवायचं?"

मला खोकल्याची उबळ आली.