लोखंडाचा सूर

मिरजेच्या दुकानात जमिलाबी तारांखालची घोडी घासून तंबोऱ्याची जवारी काढत होत्या, तेवढ्यात कानातल्या यंत्रातून वेधशाळेची केतकी ओरडलीच, "जमिलाबी, एका ताऱ्याचा गॅमा स्फोट झालाय! ऐका!"

जन्मांध जमिलाबींच्या कानात चंद्रावरच्या दुर्बिणीने टिपलेला प्रकाश सूर होऊन येई. स्फोट झालेल्या दीर्घिकेतल्या वायूने जो रंग शोषला असेल, तेवढा सूर गळालेला असे.

"हायड्रोजनचा सूर गळालाय," त्या म्हणाल्या. "पण कार्बनचा शाबूत आहे. लोखंडाचासुद्धा! ते कुणी शोषलेच नाहीत."

"संगणक म्हणतो, असं होऊच शकत नाही, नोंद सदोष आहे. तो दुर्बीण वळवतोय."

"वळवू देऊ नकोस, पोरी! सदोष असती तर खरखर आली असती. हा सूर लख्ख आहे."

केतकीने दुर्बीण रोखून धरली. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेला, विझत चाललेला प्रकाश आणखी नऊ मिनिटं टिपता आला. मग तिने सगळी नोंद पुन्हा तपासली. "खरंय तुमचं. तिथे अजून लोखंड तयारच झालेलं नाही. ताऱ्यांची पहिलीच पिढी आहे ती!"

जमिलाबी तशाच उठल्या. शेजारी रसूलभाई सतारीला पोलादी तारा चढवत होते. त्यांचा खांदा गदागदा हलवत त्या म्हणाल्या, "भाई, लोखंड जन्मायच्या आधीचं विश्व ऐकलं मी!"