कॉर्नेलियाच्या पेटीतले सफाईवाले

माझा नवरा ऑर्विल लग्नाचा वाढदिवस दरवर्षी विसरतो. पण त्याच्या टॅरँटुला कोळिणीने, कॉर्नेलियाने, कात कधी टाकली याच्या एकवीस वर्षांच्या तारखा त्याच्या वहीत आहेत.

यंदा टोलीडोचा उन्हाळा फार दमट गेला. कॉर्नेलियाच्या काचेच्या पेटीतल्या नारळाच्या भुशावर बुरशी धरली, माइट्स नावाचे उपद्रवी जंतू झाले. औषध मारलं तर कॉर्नेलियाच मरायची, म्हणून ऑर्विलने मूठभर पांढरे बारीक किडे आत सोडले. ते बुरशी खातात, मेलेलं खातात. जिवंताच्या वाटेला जात नाहीत.

आठवड्यात पेटी लख्ख झाली. रविवारी दुपारी मात्र कॉर्नेलिया उताणी पडलेली दिसली.

"गेली वाटतं तुझी लाडकी," मी म्हणाले.

"गप गं! कात टाकताना त्या उताण्याच पडतात. मेली असती तर एव्हाना किडे चढले असते अंगावर." तरी त्याने काचेला तळहात टेकवला.

कॉर्नेलियाचा एक पाय सावकाश हलला.

"बघितलंस?" ऑर्विल हसला.

मी किड्यांकडे बघत होते. सांडलेली साखर उलटी वर चढावी तसे ते भुशातून निघाले, कॉर्नेलियाला वळसा घालून काचेवर आले आणि ऑर्विलच्या तळहातापाशी थांबले. पाचही बोटं पांढरी उमटली.

त्याने हात सरकवला. तेही सरकले.

"ऊब लागत असेल," तो म्हणाला. "तुझा लाव बघू."

मी त्याच्या हाताशेजारी माझा हात ठेवला. आम्ही बराच वेळ तसेच उभे राहिलो.

माझ्या हाताखालची काच स्वच्छच राहिली.