अर्ध्या भिंतीचा संगमरवर

खिडकीपासून निघालेला संगमरवर भिंतीच्या मध्यावर येऊन थांबला होता. पुढे नुसताच पांढरा रंग. शिडी तशीच उभी होती आणि शिडीखाली बाबांची पत्र्याची पेटी.

"खरं सांगू का, ताई," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शेवटी शेवटी काकांचा हात गेला होता. आतल्या खोलीची भिंत त्यांनी गेल्या वर्षी रंगवली. अजून पेशंट बोटानं ठोकून बघतात, खरा दगड आहे का म्हणून. तोंडात ड्रिल जायच्या आधी तेवढाच विरंगुळा. आणि ही बघा. खिडकीजवळच्या शिरा म्हणजे शाळेतल्या पोरानं नकाशात काढलेल्या नद्या."

ती भिंतीकडे न बघता शिडीकडे बघत राहिली.

"मी त्यांना बोलले नाही काही. आजारी माणूस. त्यात चहाचा कप काही हातातून सुटेना. एका हातात कप, एका हातात ते रंगाचं पीस, अर्धा अर्धा तास. मी म्हटलंसुद्धा, काका, आधी चहा तरी संपवा. तर नुसते हसले. बरं, उद्या दुसरा माणूस येतोय. सगळं घासून नव्यानं करायचं म्हणतो. तुम्हाला वाईट नाही ना वाटणार?"

"मी घासते," ती म्हणाली. "आजच."

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. त्यांचं शेवटचं काम पुसलंच जाणार असेल, तर निदान परक्या हातानं नको.

अठरा वर्षं ती त्यांच्याबरोबर काम करत होती. भोकं बुजवणं, घासणं, पांढऱ्याचे दोन हात देणं, राखाडी रंग कालवणं, सगळं तिचं. पीस मात्र बाबांचं. पिसाचं टोक पातळ रंगात बुडवून ते सैल हातानं भिंतीवरून ओढायचे, आणि मागे शीर उमटायची, थेट दगडातल्यासारखी. कामाला लागली त्या वर्षी तिनं एकदा विचारलं होतं, "बाबा, एक मी ओढू?"

"तू डावखुरी. तुझी शीर उलटी कलणार. एका भिंतीवर दोन वारे नकोत."

रागावून नाही. आज ऊन आहे म्हणावं, तसं. तिनं पुन्हा विचारलं नाही. गिऱ्हाइकं तिला बिगारी समजायची. बाबा हसून म्हणायचे, "बिगारी मी, मालकीण ती." पण पीस काही हातात देत नसत. या भिंतीला पांढऱ्याचे दोन हात तिनंच दिले होते. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "आता तू येऊ नकोस. पुढचं माझं मी बघतो." धाप लागत होती, शिडी चढवत नव्हती, तरी नकोच. ते तिला लागलं होतं. विचारीन कधीतरी, म्हणता म्हणता राहून गेलं.

तिनं सँडपेपर हाताला गुंडाळला आणि मध्यापासून सुरुवात करायला गेली. कागद भिंतीला टेकला आणि तिथेच थांबला. इथली शीर वाईट नव्हती. बारीक होत होत विरत होती, मधेच फाटा फुटून पुन्हा येऊन मिळत होती. ती दोन पावलं खिडकीकडे सरकली. तिथली जरा जाड. आणखी दोन पावलं. तिथली तर चाचपडत गेलेली.

"डॉक्टर, काम खिडकीकडूनच सुरू केलं होतं ना?"

"हो की. रोज थोडं थोडं पुढे."

रोज थोडं थोडं पुढे, आणि रोज थोडं थोडं बरं. जाणारा हात असा जात नाही.

तिनं पेटी उघडली. वर दोऱ्यानं बांधलेली जुनी पिसं होती, बाबांच्या पकडीत मुरलेली, सगळी एकाच अंगाला वाकलेली. त्यांच्याखाली एक नवी जुडी. त्यांचा बाक उलटा होता. दुसऱ्या पंखाची पिसं. टोकं राखाडी, वापरून वापरून झिजलेली. तिनं एक उचललं. ते तिच्या डाव्या हातात असं बसलं, की बोटांना काही सांगावं लागलं नाही.

ती मागे मागे गेली, समोरच्या खुर्च्यांना टेकेपर्यंत, आणि पहिल्यांदा सगळी भिंत एकदम पाहिली. आतल्या खोलीतल्या शिरा उजवीकडून डावीकडे उतरत होत्या. बाबांच्या सगळ्याच शिरा तशा उतरायच्या. इथल्या डावीकडून उजवीकडे.

"कप कुठल्या हातात असायचा?"

"कप?" डॉक्टरीणबाईंनी आठवायला स्वतःचे दोन्ही हात वर केले आणि एकात नसलेला कप धरून पाहिला. "उजव्या. हो, उजव्याच. का हो?"

अठरा वर्षं जे तिनं पुन्हा मागितलं नव्हतं, ते समोर अर्धी भिंत भरून होतं. उरलेली अर्धी कोरी होती.

तिनं राखाडी कालवला. बाबांची शेवटची शीर पांढऱ्याच्या काठावर मधेच सोडलेली होती. तिनं तिथे पीस टेकवलं आणि सैल हातानं ओढलं. शीर पुढे गेली. जोड कुठे होता, हे थोड्या वेळानं तिलाही सांगता आलं नसतं.

डॉक्टरीणबाई बराच वेळ मागे उभ्या होत्या. कुणी पेशंट आला तर त्याला बोटानंच बसायची खूण करत होत्या.

"उद्याच्या माणसाला मी नको म्हणून कळवते," त्या शेवटी म्हणाल्या. "चहा सांगू, ताई? की हे झाल्यावर घ्याल?"

"आत्ताच द्या," ती वळून न बघता म्हणाली. "उजवा हात मोकळाच आहे."